पाच समाध्या, चार माणसं

उदगीरच्या पुढं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमचं शेत, आणि शेतात बांधाकडेच्या लिंबाखाली पाच समाध्या. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माणसाला मांडी घालून बसवायचं, डाव्या तळहातावर इष्टलिंग, भोवती विभूती, बेलाची पानं आणि मीठ. वर माती, आणि ऐपत असेल तर दगडाचा चौथरा. चौथऱ्यावर पिंडी कोरलेली असते, फार तर समोर नंदी. नाव कुठंच नसतं. ज्यांनी पुरलं त्यांना ठाऊक असतं, त्यामुळं कोरायची गरज कुणाला वाटत नाही. दोन पिढ्या गेल्या की तो दगड कुणाचा हे सांगायला कुणी उरत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला समाध्यांना चुना लावतात आणि पाच निवद ठेवतात. लहानपणापासून मी हे बघत आलेय. समाध्या पाच आणि निवद पाच, इतकं जुळत होतं म्हणून पुढचा हिशोब कधी केलाच नाही. मी गणित शिकवते, तरी केला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात अप्पा गेले. वारसाची नोंद करायची म्हणून तलाठ्याकडं वंशावळ द्यायची होती. भावानं ते काम माझ्यावर टाकलं, कारण माझं अक्षर चांगलं. वारस चौघं: आज्जी, आई, भाऊ आणि मी. (लेकाच्या मिळकतीत आईपण पहिल्या वर्गाची वारस असते. सत्त्याऐंशी वर्षांच्या आज्जीला लेकाच्या वारसात अंगठा उठवायला लावणं हे कायद्यानं बरोबर असेल, पण बघवत नाही.) मला उत्साह आला आणि मी अप्पांवर थांबले नाही. अप्पांचे वडील, त्यांचे वडील म्हणजे आमचे मुत्त्या, मुत्त्यांचे वडील म्हणजे थोरले पाटील, आणि त्यांचे वडील, असं सगळं लिहून काढलं.

नावं इथं देत नाही. जमिनीचा मामला आहे आणि भावकी ब्लॉग वाचते.

तलाठी तरुण पोरगा होता, आदबीनं बोलणारा. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, "ताई, एवढं वर जायची गरज नव्हती. आता गेलात म्हणून सांगतो, खासऱ्यात तुमच्या मुत्त्यांच्या बापाचं नाव दुसरंच आहे."

खासरा म्हणजे १९५४ चं खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीची कुठलीही भानगड शेवटी तिथंच येऊन टेकते. निजाम जाऊन सहाएक वर्षं झालेली, कुळकायदा १९५० चा, आणि कुणाच्या ताब्यात काय आहे हे गावोगाव लिहून घेतलेलं. त्यात मुत्त्यांचं नाव होतं, सर्व्हे नंबर आमचाच होता, पण 'वल्द'च्या पुढं थोरल्या पाटलांच्या जागी भलत्याच माणसाचं नाव. आमच्या घरात ते नाव कुणाचंच नाही.

आडनावाचीही मदत नाही. आम्ही 'पाटील' लावतो. ते आडनाव नव्हेच, तो हुद्दा. खालचं खरं आडनाव काय होतं हे विचारलं तर घरातली तीन माणसं तीन सांगतात.

घरी येऊन परत कागद मांडला. समाध्या पाच. आज्जा आणि अप्पा गावच्या रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत आहेत, शेतात नाहीत. मग शेतात कोण? थोरल्यांचे वडील एक, थोरले दोन, मुत्त्या तीन, मुत्त्यांची बायको म्हणजे आज्जीची सासू चार. पाचवी कुणाची? आज्जीला विचारलं.

"मला काय म्हाईत. सासूबाई ठिवायच्या, म्हणून मी ठिवते. त्या कडंच्या बारक्या दगडाला पयला निवद."

पहिला निवद! हेही मी चाळीस वर्षं बघितलं होतं. चौथरा सगळ्यांत लहान, ओळीत थोरल्यांच्या शेजारी, जरा मागं सरकलेला, आणि ताट आधी त्याच्यापुढं.

मी ठरवून टाकलं की मुत्त्यांच्या नावाचा दुसरा एक माणूस असणार, थोरल्यांच्या चुलतभावाचा पोरगा. आमच्याकडं नातवाला आज्ज्याचं नाव ठेवतात, त्यामुळं एकाच घरात एकाच नावाचे दोन-तीन अप्पा सहज निघतात. खासऱ्यातला माणूस तो दुसरा, आणि पाचवी समाधी त्याचीच. सगळं कसं छान बसलं. बाईसाहेबांनी फळ्यावर काढावा तसा वृक्ष काढला आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले. हा नवा चुलतआज्जा कुठून काढला? त्याचा वाटा कुणाकडं आहे? त्याची पोरं आता दावा लावणार का? भाऊ तर चिडूनच बोलला, "तू हक्कसोड करून देणार आहेस ना अक्का? मग तुला मढी उकरून काय करायचंय?"

ते एक असो. आमच्याकडं लेकीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ लाच कायद्यात घातला, आणि तेव्हापासून हक्कसोडपत्राचा नमुना सगळ्या दस्तलेखकांच्या तोंडपाठ झाला. मीही सही केली, पुढं दोन महिन्यांनी. तक्रार नाही. पण त्या दिवशी ते वाक्य लागलं, आणि खरं सांगायचं तर लागलं म्हणूनच मी हे पुढं नेलं.

आमच्या भागात जुने कागद शोधायचे म्हणजे आधी भूगोल शोधायचा. आमचं गाव न हलता तीन जिल्ह्यांत राहिलं. निजामाच्या काळात उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता, अहमदपूर आणि निलंगाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा परत गठडी बांधली. अशा वाटण्यांत माणसं सरळ जातात, कागद जात नाहीत. काही रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागं राहतात, काही वाटेत भिजतात. मी चार ठिकाणी अर्ज केले. एका कचेरीत मला सांगितलं की तुमच्या गावाचा बस्ता वाळवीनं खाल्ला. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा त्याच टेबलावर तोच बस्ता मिळाला, वाळवीनं खाल्लेला होता तो शेजारच्या गावाचा.

ते दिवस २०२३ च्या शेवटाचे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं होतं, कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली सगळी अभिलेख दालनं उघडली होती. कधी नव्हे ते जुन्या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली होती, आणि मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्या माणसाला नवरदेवाचा भाव आला होता. मला त्या गर्दीचा फायदाच झाला. जे रुमाल एरवी शिपायानं माळ्यावरून काढले नसते ते खाली मांडलेलेच होते.

वाचायचं कसं हा पुढचा प्रश्न. गावकामगाराचं लिखाण मोडीत, वरच्या कचेरीचं उर्दूत. त्याच्याही आधीचं फारसीत, कारण हैदराबाद संस्थानात सरकारी कामात फारसीच्या जागी उर्दू आली ती १८८० च्या दशकात. अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईचं, मोडलेलं, टिंबं गाळलेलं. रकमा आकड्यांत नाहीतच, त्या सियाकमध्ये, म्हणजे संख्येच्या शब्दाचंच आखूड केलेलं एक चिन्ह. आणि पैसे निजामाच्या हाली सिक्क्यात, सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार.

उदगीरचे एक निवृत्त उर्दूचे सर मला भेटले. त्यांच्या अंगणात रविवारी सकाळी बसायचं, चहा व्हायचा, आणि ते भिंग घेऊन वाचायचे. त्यांच्याकडून मी थोडे शब्द शिकले. वल्द म्हणजे मुलगा. जौजे म्हणजे बायको. बेवा म्हणजे विधवा. फौत म्हणजे मेला. विरासत म्हणजे वतनदार मेल्यावर वतन कुणाकडं जायचं याची चौकशी, आणि त्या चौकशीत जोडलेली वंशावळ म्हणजे शजरा. पुढं मराठी सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं ते अज्ञान पालनकर्ता, पोर लहान असलं की त्याच्या वतीनं कोण ते. आमच्या सगळ्यांच्या घरात हे शब्द आहेत, फक्त पेटीत आहेत.

पहिला कागद जो हाती लागला तो निजामी कागदातल्या सनानं १३४७ सालच्या पाहणीची नक्कल. त्यात आमचा सर्व्हे नंबर, आणि पट्टेदाराच्या रकान्यात मुत्त्या नाहीत, थोरलेही नाहीत. 'बेवा', आणि पुढं थोरल्यांचं नाव. तिचं स्वतःचं नाव नाही. सरांनी दोनदा वाचलं. थोरल्यांची बायको आमच्या वंशावळीत होतीच की, पण नवऱ्याच्या नावाच्या शेजारी मी एक आडवी रेघ काढून सोडून दिली होती. बाकी सगळ्यांच्याही बायका तशाच. आज्जीची सासू तेवढी होती, कारण आज्जीनं सांगितली.

दुसरा कागद विरासतीच्या रजिस्टरातली एक ओळ: थोरले पाटील फौत, महिना आजूर, सन १३२८. मी हिशोब केला, १३२८ म्हणजे १९१०. आणि तिथं सगळंच फिसकटलं. पेटीत मुत्त्यांचा शाळेचा दाखला होता, त्यात जन्म १३२२ चा. तेही त्याच हिशोबानं काढलं तर १९०४ येतं, पण आज्जी म्हणते लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्याला चाळिशी लागली होती, आणि आज्जीचं लग्न १९५३ चं. जुळेना. आठ दिवस मी त्यावर घासले.

सरांनी हसून सांगितलं, "मॅडम, तुम्ही हिजरी लावली. हे फसली आहे."

गणिताच्या बाईनं करावी अशी चूक नव्हे. हिजरी सन चंद्रावर चालतो, दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतो. फसली हा महसुलाचा सन, पिकाबरोबर चालणारा. हैदराबादेत तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचा आणि महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशा इराणी नावांचे. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फसलीत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढं ५९१. म्हणजे १३२२ चा जन्म १९१२-१३ चा, आज्जीच्या चाळिशीशी जुळणारा. आणि १३२८ चा आजूर हा पहिलाच महिना, म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबरचे पहिले दिवस.

१९१८ चा ऑक्टोबर म्हटल्यावर मला अंगावर काटा आला. मानमोडी. जिला जगात इन्फ्लुएंझाची साथ म्हणतात आणि आमच्याकडं नुसती मानमोडी. त्या वर्षी पाऊसही गेला होता. थोरले पाटील कशानं गेले हे कागदात लिहिलेलं नाही, रजिस्टरात कारणाचा रकानाच नव्हता. पण त्याच पानावर आसपासच्या गावांच्या एका महिन्यातल्या अकरा फौती होत्या. आधीच्या पानावर अख्ख्या वर्षाच्या नऊ.

म्हणजे १९१८ ला एक बाई विधवा झाली. आणि सहा वर्षांचे मुत्त्या तिचा मुलगा. मग खासऱ्यातला तो दुसरा बाप कोण?

हे उत्तर मला कचेरीत मिळालं नाही, सोयरिकीत मिळालं. भाचीसाठी स्थळं बघत होतो. एक स्थळ चांगलं आलं, देवणीकडचं, पोरगा इंजिनीअर. आज्जीनं गावाचं आणि घराचं नाव ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "त्या घरात द्यायची न्हाई. भाऊपणा लागतो."

"कुठला भाऊपणा, आज्जी? आपला त्यांचा काय संबंध?"

"ते मला म्हाईत न्हाई. सासरे सांगून गेलेत. त्या घरची करायची न्हाई, त्या घरी द्यायची न्हाई."

मी खासऱ्याची नक्कल काढून बघितली. मुत्त्यांच्या पुढं लिहिलेला बाप, त्याच्या नावामागं एक आडनाव होतं, गिचमिड अक्षरात, ज्याला मी तोपर्यंत तलाठ्याची शाई सांडलेली समजत होते. ते त्या घराचं आडनाव होतं.

पुढच्या रविवारी भावाला घेऊन गेले. भाऊ कुरकुरत आला. त्या घरचे आज्जे आमच्या आज्जीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. आम्ही कोण ते सांगितलं तर म्हणाले, "या की. लई उशीर केलाव." आत गेले आणि पत्र्याच्या नळकांड्यातून एक घडी केलेला कागद घेऊन आले. उर्दू, वर शिक्का, खाली अंगठे. त्यांनी तो इतकी वर्षं का जपला हे त्यांनीच सांगितलं, अजिबात न लाजता. "तुमच्या मुत्त्यानं उद्या येऊन आमच्यात वाटा मागू नये, म्हणून माझ्या बापानं ठिवला."

मी त्याचा फोटो काढून उदगीरला सरांना दाखवला. शजरा होता. थोरले पाटील, खाली रेघ, रेघेखाली मुत्त्या. मी म्हणाले, बरोबर, वल्द. सरांनी भिंग हलवलं.

"ये वल्द नै है मॅडम. मुतबन्ना है. गोद लिया हुआ."

दत्तक. १३३० फसली, म्हणजे १९२०-२१. मानमोडीत नवरा गेला, पदरी मूल नाही, दीर-भाऊबंद पाटीलकीवर टपलेले असणार, आणि तिनं माहेरचा, सख्ख्या भावाचा सातेक वर्षांचा पोरगा दत्तक आणला. तेव्हा दत्तक घ्यायचा तर मुलगाच, मुलगी दत्तक घ्यायची सोय १९५६ च्या कायद्यानं झाली. पाटीलकीचं वतन त्याच्या नावे लावून घेतलं आणि जमीन मात्र स्वतःच्या. १३४७ ला, म्हणजे १९३७-३८ ला, मुत्त्या पंचविशीत होते, लेकराबाळांचे होते, तरी पट्टा बाईच्याच नावे! तिनं तो सोडलाच नाही. १३५२ च्या पाहणीत तिचं नाव नाही, मुत्त्यांचं आहे. म्हणजे त्या पाच वर्षांत कधी तरी ती गेली.

आणि १९५४ ला खासरा लिहिणारा गावात आला तेव्हा त्यानं चावडीवर विचारलं असणार, हा कुणाचा? चावडीनं सांगितलं ते रक्ताचं नाव. चौतीस वर्षं झाली तरी गावाच्या लेखी तो अमक्याचा पोरगाच होता. वरच्या कचेरीत एक बाप, चावडीवर दुसरा. मी काढलेला तो दुसरा चुलतआज्जा कधी नव्हताच. एकच माणूस दोन बापांच्या नावानं दोनदा लिहिला गेला होता. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. तिला कुणी उत्तर दिलं नाही, दोन अंगठे आले.

धावत आज्जीकडं गेले. आज्जी, मुत्त्या दत्तक होते! आज्जी तुरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलाव मला? समाधी कुणाची इचारलाव, नाव काय इचारलाव. दत्तक हाय का म्हणून इचारलाव का?"

पाचवी समाधी तिची, असं मी मानते. कागदावर हे कुठंच नाही, आणि कचेरी ते मान्य करणार नाही. पण आमच्यात बाईच्याही गळ्यात लिंग असतं, तिलाही पुरुषासारखंच बसवून पुरतात, तिचीही समाधी होते. जागा थोरल्यांच्या शेजारची. आणि पहिला निवद. मुत्त्यांच्या बायकोनं ही पद्धत घातली असणार, कारण जमीन सासूच्या नावे असताना तिनं संसार केला होता आणि घर कुणामुळं उभं राहिलं हे तिला पक्कं ठाऊक असणार. आज्जी मात्र म्हणते, सासूबाई तिला घाबरायच्या, म्हणून पहिला निवद. तेही असेल.

यंदाच्या पाडव्याला देवणीकडचे ते आज्जे आले होते, नातवाच्या गाडीवर मागं बसून. त्यांची ती आत्या लागते, बापाची सख्खी बहीण. त्यांनी पिंडीला विभूती लावली आणि थोडा वेळ बांधावर बसले. वाट्याचा विषय काढला नाही. भावाला मात्र तिथंच उमाळा आला. म्हणाला, अक्का, या दगडावर नाव कोरू. खर्च माझा. उदगीरच्या कारागिराला बोलावून मापही घेतलं.

आता अडलंय ते नावावर. त्या शजऱ्यात तिचं नाव आहे, पण नेमकं घडीवर. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि पहिलं अक्षर घडीत झिजून गेलंय. उरलेलं वाचलं तर '-ंगव्वा'. लिंगव्वा, निंगव्वा किंवा गंगव्वा, तिन्ही आमच्यात घरोघरी असणारी नावं, आणि त्या लिपीत तिन्हींत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. देवणीच्या आज्ज्यांना विचारलं, तर ते म्हणाले बाप तिला नुसतं अक्का म्हणायचा. आमच्या आज्जीनं तिला बघितलेलंच नाही.

पोलीस पाटलाकडच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत असायच्या, आणि मोडीत लि, नि आणि गं यांचा घोटाळा व्हायचं कारण नाही. १३४७ ते १३५२ या सालांच्या मृत्यूच्या पानांची नक्कल मिळावी म्हणून मी अर्ज दिलाय, कोर्ट फीचं तिकीट लावून. पंधरा दिवसांत या म्हणाले होते. आज एकविसावा.